पॉलिमरची साखळी सोल्यूशनमध्ये क्रिस्टल कशी होते आणि ते वेळेनुसार नीट कसं बघायचं

हा लेख ज्यांना लॅबमध्ये स्वतः हे करायचंय त्यांच्यासाठी आहे, म्हणून थिअरी लागेल तेवढीच घेतो आणि उदाहरण एकच धरतो, सरळ साखळीचं पॉलिइथिलीन आणि ते विरघळवणारं सॉल्व्हंट झायलीन. ही जोडी घ्यायचं कारण म्हणजे सोल्यूशनमधून वाढवलेल्या पॉलिमर क्रिस्टलबद्दल आज आपल्याला जे माहितीय त्यातलं बरंचसं हिच्यावरच शिकलं गेलंय. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बहुतेक जण विचारतात "किती वेळ ठेवू?", पण खरा प्रश्न असतो "त्या वेळात तापमान काय होतं?" पॉलिमरचा क्रिस्टल वाढताना ज्या क्षणी जे तापमान असेल ते आपल्या जाडीत नोंदवून ठेवतो, त्यामुळे तापमान स्थिर नसेल तर वेळेचा ग्राफ कितीही सुंदर आला तरी त्यातून काही वाचता येत नाही.

आत नेमकं काय घडतं

गरम सोल्यूशनमध्ये प्रत्येक साखळी सैल गुंताळ्यासारखी असते आणि सतत हलत असते. सोल्यूशन थंड केलं की एक टप्पा येतो जिथे साखळीला सॉल्व्हंटमध्ये राहण्यापेक्षा शेजारच्या साखळीला समांतर चिकटून बसणं परवडतं. पण अख्खी साखळी एकदम सरळ होऊन बसायला फार वेळ लागतो, म्हणून ती थोडी सरळ होते, वळते, परत सरळ होते, शिंप्याची टेप पुढेमागे घडी घालून ठेवावी तसं. यालाच चेन फोल्डिंग म्हणतात. १९५७ मध्ये केलर, टिल आणि फिशर या तिघांनी वेगवेगळं काम करून पॉलिइथिलीनचे सिंगल क्रिस्टल दाखवले. त्यातल्या केलरने इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन (इलेक्ट्रॉन किरण क्रिस्टलमधून जाताना उमटणारी नक्षी) बघितलं तर साखळ्या त्या पातळ पत्र्याला जवळजवळ काटकोनात उभ्या होत्या, आणि पत्र्याची जाडी साखळीच्या लांबीपेक्षा खूपच कमी, म्हणजे घडी पडल्याशिवाय ती साखळी तिथे मावणंच शक्य नव्हतं.

हा हिशोब स्वतः करून बघा. एक लाख मोलर मासची (म्हणजे ग्रॅममध्ये एका मोलचं वजन) साखळी घ्या, एका सीएच-दोन गटाचं वजन १४, म्हणजे सुमारे ७,१४० गट. एका गटामागे साखळी पुढे सरकते ०.१२७ नॅनोमीटर, म्हणजे पूर्ण ताणली तर साधारण ९०० नॅनोमीटर. आणि पत्रा, म्हणजे लॅमेला, असतो साधारण १२ नॅनोमीटर जाड. म्हणजे एक साखळी त्यातून सत्तर-पंचाहत्तर वेळा आरपार जाऊ शकते.

ही १२ नॅनोमीटर जाडी मोलर मासवरून ठरत नाही (साखळी पुरेशी लांब असेल तर), ती ठरते सुपरकूलिंगवरून, म्हणजे क्रिस्टल विरघळायच्या तापमानाच्या किती खाली थंड केलं त्यावरून. कमी थंड केलं तर जाड लॅमेला, जास्त थंड केलं तर पातळ. झायलीनमध्ये नेहमीच्या तापमानांना ही जाडी साधारण १० ते १५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात राहते. कारण असं की वाढणाऱ्या कडेवर साखळीचा नवा तुकडा टिकायचा असेल तर घडीच्या पृष्ठभागाची जादा ऊर्जा भरून निघेल इतकी लांबी त्याला हवीच, आणि त्याहून फार लांब तुकडा बसायची वाट बघायला क्रिस्टल थांबत नाही. जो आकार सगळ्यात लवकर वाढतो तोच आपल्याला दिसतो, सगळ्यात स्थिर असतो तो नाही. लॉरिट्झन आणि हॉफमन यांनी १९६० च्या सुमारास मांडलेल्या थिअरीचा गाभा हाच.

सोल्यूशन बनवणं

सॉल्व्हंट पॅरा-झायलीन किंवा मिक्स झायलीन चालतं. पॅरा-झायलीन १३८ अंश सेल्सिअसला उकळतं, पण त्याचा फ्लॅश पॉइंट २७ च्या आसपास आहे, म्हणजे ज्या तापमानांना आपण काम करणार त्या सगळ्या ठिकाणी त्याची वाफ पेट घेऊ शकते. सगळं काम फ्यूम हूडमध्येच करायचं, उघडी ज्योत जवळ नको, गरम करायला सिलिकॉन ऑइल बाथ वापरा आणि वर कंडेन्सर लावा. इथे तडजोड नको.

कॉन्सन्ट्रेशन ठेवा वजनाने ०.०१ ते ०.०५ टक्के. नवीन माणसाला हे फारच कमी वाटतं आणि तो १ टक्का घेतो, मग त्याला सुटे क्रिस्टल मिळायच्या ऐवजी एकमेकांत वाढलेले गुच्छ आणि कधी कधी चक्क जेल मिळतं. हिशोबाला, १०० मिलि झायलीनचं वजन साधारण ८६ ग्रॅम, त्यात ०.०५ टक्के म्हणजे ४३ मिलिग्रॅम पॉलिमर. साध्या अॅनालिटिकल बॅलन्सवर हे आरामात मोजता येतं, आणि पुढे वजनावरून क्रिस्टलायझेशन मोजायचं असेल तर हा आकडा पक्का माहीत असायला हवा.

पॉलिइथिलीन १२५-१३० अंशांना नायट्रोजनखाली विरघळवा, थोडा अँटिऑक्सिडंट टाका, नाहीतर गरम सोल्यूशनमध्ये हवेचा ऑक्सिजन साखळ्या तोडतो आणि तुम्ही हळूहळू वेगळ्याच सॅम्पलवर काम करत असता. सोल्यूशन पारदर्शक दिसलं म्हणजे सगळं विरघळलं असं समजू नका, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. डोळ्याला अजिबात न दिसणारे बारीक क्रिस्टलचे तुकडे शिल्लक राहतात आणि नंतर तेच बी म्हणून काम करतात, मग एकाच रेसिपीतून एकदा शंभरपट क्रिस्टल येतात आणि एकदा जेमतेम काही. पारदर्शक झाल्यावरही अर्धा-एक तास तसंच ठेवा, आणि मग गरम असतानाच फिल्टर करा म्हणजे धूळ आणि कॅटॅलिस्टचे कण जातील.

सेल्फ-सीडिंग, ही पायरी गाळू नका

साधं सोल्यूशन थेट ८५ अंशांवर आणून ठेवलं तर काय होतं, न्यूक्लिएशन (क्रिस्टलचा पहिला कण बनणं) कधी होईल याचा भरवसा नसतो, काही क्रिस्टल आधी सुरू होतात काही तासाभराने, त्यामुळे कुठल्याही क्षणी लहानमोठे सगळे एकत्र. अशा सॅम्पलवर "वेळेनुसार वाढ" मोजायची म्हणजे वेगवेगळ्या वयाची सरासरी काढण्यासारखं आहे. यावर उपाय म्हणजे सेल्फ-सीडिंग, आधीच्याच क्रिस्टलचे उरलेले तुकडे बी म्हणून वापरायचे, तो ब्लंडेल, केलर आणि कोव्हाक्स यांनी १९६६ मध्ये दिला आणि तो आजही तितकाच चांगला चालतो.

आधी सोल्यूशन थंड होऊ द्या, भराभर झालं तरी चालेल, दुधट सस्पेन्शन येईल. या पहिल्या क्रिस्टलचा दर्जा कसा आहे याने फरक पडत नाही. आता हे सस्पेन्शन हळूहळू तापवा, मिनिटाला अर्ध्या अंशापेक्षा कमी वेगाने. ९०-९५ च्या पुढे दुधटपणा झपाट्याने कमी होतो आणि साधारण ९७ च्या आसपास सोल्यूशन नितळ दिसतं, नेमका आकडा तुमच्या पॉलिमरवर आणि पहिले क्रिस्टल कुठल्या तापमानाला झाले त्यावर अवलंबून. इथे न थांबता आणखी काही अंश वर जा, १०० ते १०४ च्या दरम्यान, आणि तिथे थोडा वेळ ठेवा. आता दिसायला काहीच शिल्लक नाही, पण सगळ्यात चिवट तुकडे अजून आहेत. मग ही ट्यूब सरळ वाढीच्या तापमानाच्या बाथमध्ये टाका. सगळे तुकडे एकाच क्षणी वाढायला लागतात, म्हणून सगळे क्रिस्टल एका वयाचे आणि जवळपास एका आकाराचे येतात, आणि तुमच्या घड्याळाला खरा शून्य मिळतो.

सीडिंगचं तापमान इथे सगळ्यात नाजूक आहे. ते वाढवलं की उरलेल्या बियांची संख्या फार वेगाने घसरते, एका अंशाने सुद्धा मोठा फरक पडतो. जास्त बिया म्हणजे भरपूर छोटे क्रिस्टल, कमी बिया म्हणजे थोडे पण मोठे. म्हणून खऱ्या कामाआधी चार-पाच ट्यूब एकेक अंशाच्या फरकाने वेगवेगळ्या सीडिंग तापमानाला नेऊन बघा, मायक्रोस्कोपखाली तुमच्या कामाला योग्य आकार कुठे येतो ते कळेल, आणि त्यानंतर तोच आकडा, तोच थर्मामीटर, तोच बाथ. थर्मामीटर बदलला तर हे सगळं परत करावं लागतं.

वाढ आणि सॅम्पल काढणं

वाढीचं तापमान ७० ते ९० अंशांमध्ये निवडा. खाली गेलात तर वेग खूप वाढतो, वर गेलात तर वेग इतका मंदावतो की ९० च्या जवळ दिवसच्या दिवस लागू शकतात. सुरुवातीला ८० ते ८५ घ्या, वेग हाताळता येईल असा असतो. बाथ ०.१ अंशाच्या आत स्थिर हवा. खोलीतला एसी चालू-बंद होतो तेव्हा बाथ किती हलतो ते एकदा नोंदवून बघा, बऱ्याच न समजणाऱ्या गोष्टी तिथेच समजतात.

ढवळू नका. सीडिंगनंतर तर अजिबातच नाही. ढवळलं की प्रवाहात लांब साखळ्या ताणल्या जातात आणि मधे ताणलेल्या साखळ्यांचा दोरा आणि त्यावर ओवलेल्या लॅमेला अशी वेगळीच रचना तयार होते, जिला शिश-कबाब म्हणतात, पेनिंग्सने १९६५ मध्ये ढवळलेल्या सोल्यूशनमधून ती दाखवली होती. फार इंटरेस्टिंग विषय आहे तो, पण आपल्याला इथे तो नकोय.

आता वेळेनुसार सॅम्पल कसे घ्यायचे. एका मोठ्या फ्लास्कमधून दर थोड्या वेळाने पिपेटने काढणं सगळ्यांना सोपं वाटतं आणि तेच सगळ्यात वाईट, कारण पिपेट थंड असते, तिच्या आत उरलेला पॉलिमर लगेच क्रिस्टल होतो, शिवाय दर वेळी फ्लास्क हलतो. त्यापेक्षा एकाच सीड केलेल्या सोल्यूशनच्या छोट्या बंद ट्यूब करा, सगळ्या एकाच वेळी बाथमध्ये, आणि प्रत्येक वेळेला एक अख्खी ट्यूब बाहेर. वेळा दुप्पट-दुप्पट अंतराने ठेवा, ५, १०, २०, ४०, ८०, १६० मिनिटं अशा, कारण सुरुवातीला बदल भराभर होतो आणि शेवटी अगदी सावकाश.

काढलेली ट्यूब तशीच टेबलावर गार होऊ दिली तर त्या वेळेपर्यंत न बसलेला पॉलिमर तापमान खाली येताना क्रिस्टलच्या कडेवर पातळ झालर होऊन बसतो, आणि काही बारीक वेगळे क्रिस्टलही होतात. मग तुम्ही जे मोजता त्यात २० मिनिटांचा क्रिस्टल आणि गार होण्याचा क्रिस्टल दोन्ही मिसळलेले असतात. म्हणून फिल्टरिंग त्याच तापमानाला करा, फनेल, फिल्टर आणि धुवायचं झायलीन सगळं आधीच ओव्हनमध्ये किंवा जॅकेटमध्ये त्या तापमानाला आणून ठेवलेलं (झायलीनची वाफ असते म्हणून साधा ओव्हन नाही, सॉल्व्हंटसाठीचा सुरक्षित ओव्हनच). फिल्टरवर राहिलं ते त्या वेळेचं पीक, खाली गेलेल्या द्रावातलं सॉल्व्हंट उडवून जे उरेल ते अजून बसायचं होतं ते. दोन्हींची बेरीज सुरुवातीच्या वजनाइतकी आली पाहिजे, नाही आली तर कुठेतरी भिंतीला चिकटलंय.

टर्बिडिटी वापरायची असेल तर

टर्बिडिटी म्हणजे सोल्यूशनचा गढूळपणा, तो प्रकाश किती अडतो त्यावरून मोजणं सोयीचं आहे, हात न लावता सलग ग्राफ मिळतो, सुरुवात कधी झाली ते कळायला उत्तम. पण टर्बिडिटी म्हणजे क्रिस्टल झालेलं वजन नव्हे. ती क्रिस्टलच्या आकारावर आणि संख्येवर पण अवलंबून असते, म्हणजे तेवढंच वजन मोठ्या क्रिस्टलमध्ये गेलं तर आकडा वेगळा. शिवाय बऱ्याच वेळाने क्रिस्टल खाली बसायला लागतात आणि ग्राफ खाली येतो, ते बघून कुणी "क्रिस्टल परत विरघळतायत" असं लिहू नये. हळूच ट्यूब उलटी करून बघा, तळाशी ढग दिसेल.

आकडे वाचायचे कसे

इथे बहुतेक जण अव्रामीचं समीकरण (वेळेनुसार किती भाग क्रिस्टल झाला ते सांगणारं) लावतात, उरलेल्या भागाच्या लॉगचा लॉग विरुद्ध वेळेचा लॉग, रेषेचा चढ म्हणजे अव्रामी घातांक. सपाट पत्रे, जाडी ठरलेली, आणि सगळे एकाच वेळी सुरू झालेले असतील तर घातांक २ यायला हवा, आणि वाटेत नवीन न्यूक्लियस येत राहिले तर ३ कडे. सेल्फ-सीडिंग नीट झालंय का ते तपासायला म्हणून ठीक आहे. पण अव्रामीमध्ये वाढ थांबते ती क्रिस्टल एकमेकांवर आदळून, आणि आपल्या पातळ सोल्यूशनमध्ये ते एकमेकांपासून लांब असतात, इथे वाढ मंदावते ती पॉलिमर संपत आला म्हणून. शेवटच्या भागात रेष वाकली तर त्याला सखोल अर्थ चिकटवू नका.

शिवाय उरलेला पॉलिमर आणि सुरुवातीचा पॉलिमर एकसारखा राहत नाही. लांब साखळ्या आधी बसतात, छोट्या मागे राहतात, आणि खूप छोट्या तर त्या तापमानाला कधीच बसत नाहीत. त्यामुळे १०० टक्के पॉलिमर क्रिस्टल होईल म्हणून आठवडाभर थांबण्यात अर्थ नसतो, ग्राफ जिथे सपाट झाला तिथे तुमच्या सॅम्पलची मोलर मासची पसरण दिसतेय.

माझ्या मते सगळ्यात स्वच्छ मोजमाप म्हणजे क्रिस्टलची कड. मायक्रोस्कोपखाली पॉलिइथिलीनचा क्रिस्टल समभुज चौकोनी, शंकरपाळ्यासारखा दिसतो, टोकाचा कोन साधारण ६७ अंश, आणि तो कोन कुठून येतो तर युनिट सेलच्या (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान चौकटीच्या) ०.७४ आणि ०.४९ नॅनोमीटर या दोन बाजूंच्या गुणोत्तरातून. जास्त तापमानाला वाढवला तर टोकदार कोपरे कापल्यासारखे सपाट होतात. केंद्रापासून कडेपर्यंतचं अंतर वेळेविरुद्ध काढा, सुरुवातीच्या भागात सरळ रेष येते, तिचा चढ म्हणजे वाढीचा वेग. हाच वेग वेगवेगळ्या तापमानांना काढला की थिअरीशी तुलना करता येते, आणि तिथे दिसतं की तापमान थोडंसं उतरवलं की वेग किती पटीत चढतो.

मात्र आकार मोजताना क्रिस्टल सुकवल्यावर काय होतं ते माहीत हवं. सोल्यूशनमध्ये असताना हे बऱ्याचदा सपाट नसतात, आतून पोकळ तंबूसारखे असतात, सुकताना तंबू बसतो आणि मधोमध चुण्या पडतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये पॉलिइथिलीन बीमखाली फार लवकर खराब होतं, म्हणून डिफ्रॅक्शन घ्यायचं असेल तर ते आधी, कमी डोसवर, फोटो नंतर. जाडीसाठी एएफएम (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारा मायक्रोस्कोप) चांगलं, अभ्रकाच्या ताज्या सोललेल्या पृष्ठभागावर एक थेंब सुकवा आणि कडेची उंची मोजा.

जाडी डीएससीवरून (तापवताना सॅम्पल किती उष्णता घेतं ते मोजणारं यंत्र) काढायचा मोह होतो. गिब्ज-थॉमसन समीकरणाप्रमाणे (लॅमेला जितका पातळ तितका कमी तापमानाला वितळतो) १२ नॅनोमीटरचा लॅमेला साधारण ११९ अंशांना वितळायला हवा, अमर्याद जाड क्रिस्टल धरला तर १४१ च्या आसपास. पण डीएससीत सुके क्रिस्टल तापवता तापवता वितळण्याआधीच जाड होत जातात, आणि ग्राफमधलं वितळण्याचं शिखर (पीक) त्याच्या बरंच वर येतं. म्हणून त्या पीकवरून काढलेली जाडी मूळ क्रिस्टलची नसते. क्रिस्टल दाबून केलेल्या मॅटवर स्मॉल अँगल एक्स-रे (लॅमेलांच्या थरांमधलं अंतर मोजणारी पद्धत) घ्या, तो आकडा जास्त विश्वासाचा.

वेळेची खूण क्रिस्टलवरच उमटवायची युक्ती

ही मला सगळ्यात आवडते. वाढ चालू असताना ट्यूब थोड्या वेळासाठी काही अंश कमी तापमानाच्या बाथमध्ये टाका आणि परत मूळ बाथमध्ये आणा. त्या थोड्या वेळात जी कड वाढली ती पातळ, कारण सुपरकूलिंग जास्त होतं, आणि परत आल्यावर पुढची कड पुन्हा जाड. म्हणजे त्या क्षणी क्रिस्टलची सीमा जिथे होती तिथे एक बारीक खाच उमटली. ठराविक वेळाने असं पुन्हा पुन्हा केलं की एकाच क्रिस्टलवर एकात एक असे समभुज चौकोन दिसतात, आणि दोन खाचांमधलं अंतर भागिले वेळ म्हणजे त्या दरम्यानचा वेग, एकाच क्रिस्टलवरून, कुठलीही सरासरी न काढता. बाथ बदलल्यावर ट्यूबच्या आतलं तापमान बदलायला वेळ लागतो, म्हणून ट्यूब बारीक आणि पातळ काचेची घ्या, आणि एका ट्यूबमध्ये फक्त झायलीन आणि थर्मोकपल ठेवून आतला तापमानाचा ग्राफ आधी काढून ठेवा.

हीच पद्धत दुसऱ्या पॉलिमरला

तत्त्व तेच राहतं, फक्त सॉल्व्हंट असा निवडायचा की गरम असताना विरघळवेल आणि गार झाल्यावर सोडून देईल. पॉलि-थ्री-हेक्झिलथायोफीनसारखा कंजुगेटेड (साखळीत आलटून पालटून एकेरी-दुहेरी बंध असलेला, त्यामुळे रंगीत) पॉलिमर घेतला तर अॅनिसोलमध्ये गरम असताना सोल्यूशन केशरी-पिवळं असतं, गार झाल्यावर तासांच्या हिशोबात ते लालसर आणि मग जांभळट होत जातं, कारण साखळ्या बारीक तंतूंमध्ये रचल्या जातायत. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रममध्ये (कुठला प्रकाश किती शोषला जातो त्या ग्राफमध्ये) ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा कमी होतो आणि ५५५ व ६०५ च्या जवळ नवे खांदे वर येतात. वेळेनुसार क्रिस्टलायझेशन शिकवायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, डोळ्यांनी दिसतं. आणि बी टाकून लांबी ठरवायची कल्पना किती पुढे जाऊ शकते ते बघायचं असेल तर मॅनर्स आणि विनिक यांच्या गटांनी २००७ पासून केलेलं काम वाचा, फेरोसीन असलेल्या ब्लॉक कोपॉलिमरच्या (दोन वेगळ्या पॉलिमरचे तुकडे जोडलेली साखळी) छोट्या बियांवर नवीन साखळ्या टाकून त्यांनी तंतू वाढवले आणि लांबी किती पॉलिमर टाकला त्या प्रमाणात सरळ वाढली.

एक सावधगिरी, खूप एकसारख्या लांबीच्या साखळ्या घेतल्या, उदाहरणार्थ १९८ कार्बनचा लांब अल्केन, तर तापमान उतरवल्यावर वेग वाढायच्या ऐवजी एका ठिकाणी चक्क कमी होतो, कॉन्सन्ट्रेशन वाढवल्यावर सुद्धा. अर्धवट घडी घातलेल्या साखळ्या कडेवर तात्पुरत्या बसून पूर्ण ताणलेल्यांची जागा अडवतात म्हणून. असा ग्राफ आला तर लगेच बाथवर संशय घेऊ नका.

सस्पेन्शन ठेवायचं कसं

काम झाल्यावर क्रिस्टल सुकवून ठेवण्यापेक्षा सॉल्व्हंटमध्येच ठेवा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, खोलीच्या तापमानाला, ज्वालाग्राही सॉल्व्हंटच्या कपाटात. वापरताना हलक्या हाताने उलटसुलट करा, सॉनिकेटरमध्ये टाकू नका, क्रिस्टल तुटतात. पॅरा-झायलीन वापरलं असेल तर फ्रिज टाळा, ते १३ अंशांना गोठतं, आणि एकदा गोठून परत वितळलेल्या सस्पेन्शनमधले क्रिस्टल आधीसारखे सुटे आणि अखंड असतील असं धरून मोजमाप करू नका. बाटलीवर पॉलिमरचं नाव आणि तारीख तर सगळेच लिहितात, त्यासोबत सीडिंगचं तापमान, वाढीचं तापमान आणि गरम फिल्टर केलं की नाही हे पण लिहा.